माहेरच्या रक्ताचा अहवाल

३ डिसेंबर, मंगळवार

सांध्यांच्या डॉक्टरांनी रोज अर्धं पान लिहायला सांगितलं आहे. बोटांना व्यायाम म्हणून. काय लिहायचं ते सांगितलं नाही. दिपमालाने शाळेतून उरलेली एक वही आणून दिली आणि म्हणाली, आई, रामनाम लिही. रामाने माझं काही वाकडं केलेलं नाही, मी त्याला कशाला छळू? त्यापेक्षा घरच्यांवर लिहीन. बोटांना तेवढा व्यायाम पुरेल.

परवा रविवारी साक्रीचे लोक तिला बघून गेले. मुलगा स्वप्नील, वीज कंपनीत, धुळ्याला. दिसायला बरा, बोलायला कमी, म्हणजे उत्तमच. दिपमालाला आवडला. तसं ती म्हणाली नाही, पण सहावीच्या पोरांना विज्ञान शिकवणारी मुलगी पाहुणे यायच्या आत तीनदा आरशात बघून आली आणि ते गेल्यावरही एकदा, यावरून आईला कळतं.

सगळं नीट चाललं होतं. मग मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेले. मुलाच्या आईने, तुळसाबाईंनी, बशी घेतली आणि त्यांची नजर बशीवरून माझ्या बोटांवर गेली ती तिथेच राहिली. माझी सगळी बोटं करंगळीच्या बाजूला कललेली आहेत, वादळानंतरच्या केळीच्या बागेसारखी. जळगावात राहून याहून चांगली उपमा मला सुचत नाही. बागेची निदान पाहणी करायला तलाठी येतो.

आज मध्यस्थ सुपडूनानांचा फोन आला. मुलगी पसंत आहे, फक्त एक विचारायचं आहे, की बाईंचं हे दुखणं रक्तातलं आहे का? म्हणजे उद्या मुलीला व्हायचं का?

त्याचं उत्तर यांच्या मोठ्या बहिणीने, माझ्या नणंदेने, यशोदाअक्काने, फोन ठेवायच्या आत देऊन टाकलं. "आमच्या घरात असलं दुखणं कोणालाच नव्हतं. माहेरचं रक्त, दुसरं काय."

मुलगी इथली, लग्न तिचं, आणि रक्त माझ्या माहेरचं.

५ डिसेंबर, गुरुवार

सकाळी दीड तास मूठ उघडत नाही. मागच्या दाराच्या पायरीवर बसते, मिसरी लावते, ऊन पायांवरून गुडघ्यांवर येतं, तोवर अंगठ्याशेजारचं बोट कामाला लागतं. बाकीची सरकारी नोकर आहेत, अकराला येतात. दिपमाला नाक मुरडून वर आपली पेस्ट घेऊन उभी असते. शिकलेली मुलगी.

यांनी अक्काला एक शब्द उलट बोलून दाखवला नाही. बातम्या बघत बसले. प्रेमराज हे नाव ज्याने ठेवलं त्याला नंतर बोलावून माणूस दाखवायला हवा होता. नुसता घुमा असता तरी चाललं असतं, पण निष्काळजीही आहे. कारखान्यात जायच्या आधी घरातली सगळी झाकणं सैल करून ठेवतो. साखरेची बरणी, तेलाची, मिसरीची डबी, माझ्या गोळ्यांची बाटली. पूर्वी असं नव्हतं, ही गेल्या चार वर्षांतली खोड. साखरेला मुंग्या लागतात, मी बोलते, तो ऐकून घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा झाकण सैल.

दिवसभर एकच विचार. रक्तातलं असतं तर मैनाला का नाही झालं?

मैना म्हणजे माझी जुळी बहीण, धुळ्याला असते. मी कोकिळा, ती मैना. वडिलांना पक्ष्यांची हौस होती, मुलींची नव्हती. आम्ही एका नाळेच्या. लहानपणी आईसुद्धा चुकून एकीलाच दोनदा मारायची. एक रक्त, एक तोंड, एक आवाज. आणि तिची बोटं फूटपट्टीसारखी सरळ.

१४ डिसेंबर, शनिवार

डॉक्टर नाशिकहून दर दुसऱ्या शनिवारी येतात. आज मी त्यांना म्हटलं, कागदावर लिहून द्या, हे रक्तातलं नाही. ते म्हणाले, असं खोटं लिहिता येत नाही, थोडं रक्तात असतंच. मी म्हटलं, माझी जुळी बहीण ठणठणीत आहे. त्यावर त्यांचे डोळे असे चमकले, जशी केळीच्या व्यापाऱ्याला घडांनी निसवलेली बाग दिसावी. चार वर्षांत माझ्याकडे कोणी इतक्या कौतुकाने बघितलं नव्हतं.

शेजारच्या खोलीतून एका मुलीला बोलावलं. रुची. इथल्याच केवलचंद शेठ कापडवाल्यांची नात, पीएच.डी. करते. जुळ्यांच्या जोड्या शोधते आहे, एकाला हा वात झालेला आणि दुसऱ्याला नाही अशा.

तिने समजावलं ते मी समजले तसं लिहिते. दोन घरांत वायरिंग अगदी तेच आहे, म्हणजे रक्त. पण एका घरात कोणीतरी काही बटणांवर चिकटपट्टी लावून ठेवली, काही दाबलेलीच राहिली. वायर बदललेली नाही, पण कोणता दिवा लागणार आणि कोणता विझणार, ते बदललं. अशा खुणा पेशींमध्ये पडतात आणि वर्षानुवर्षं राहतात. शरीरात पहारेकरी असतात, ते चोर आला की काठी चालवतात आणि चोर गेला की बसतात. माझ्यात त्यांचं बसायचं बटण बिघडलं. चोर नाही, तरी काठी चालूच. म्हणून सांधे आतून सतत सुजलेले.

मी म्हटलं, पोरी, घरात चोर नसताना घरच्यांवर काठी चालवणारा पहारेकरी मला ओळखीचा आहे. आमच्याकडे त्याला नणंद म्हणतात.

मग विचारलं, या पट्ट्या लावतं कोण? ती म्हणाली, धूर, उपासमार, जुनाट जंतू, तंबाखू, काळजी. माणूस जे जगतो ते.

"म्हणजे सासर," मी म्हटलं.

ती हसली. मला गंमत वाटली नव्हती.

घरी येताना रिक्षात इतकं हलकं वाटलं. एकतीस वर्षांत प्रथमच विज्ञान माझ्या बाजूने बोललं. मैनाचं आणि माझं रक्त एक, फरक फक्त घराचा. तो फरक आता यंत्रातून निघणार, कागदावर येणार आणि मी तो अक्काच्या हातात देणार. साक्रीवाल्यांनाही तोच कागद. रक्त चांगलं आहे, हे घर वाईट आहे, मुलीला या घरातून घेऊन जा, बरी राहील.

२१ डिसेंबर, शनिवार

मैना सकाळच्या बसने आली. दोघींचं रक्त काढलं, तोंडातून कापसाची काडी फिरवली. रुचीने माझ्या हिरड्या बघून विचारलं, या कधीपासून सुजल्यात? मी म्हटलं, बाई, जिथे एवढं सगळं सुजलंय तिथे हिरड्यांनी मागे का राहावं?

मग दोनशे चौदा प्रश्नांचा फॉर्म. किती वर्षं चुलीवर स्वयंपाक? अकरा. कापसाच्या धुळीत काम? हो, हो, हो. जेवण कधी चुकायचं? कधी चुकायचं नाही ते विचारा. माझ्या उत्तरांना जागा पुरेना, मी समासात लिहिलं. बिडी? सिगारेट? गुटखा? तंबाखू चघळणे? नाही, नाही, नाही, नाही. चार ठसठशीत फुल्या. निर्व्यसनी माणसाला फुली मारताना जो आनंद होतो तो व्यसनी माणसाला माहीत नसतो.

मैना पलीकडे बसून तिचा फॉर्म भरत होती. माझ्याआधी संपला. मी डोकावून बघितलं तर "घरात मोकळेपणाने कोणाशी बोलता" या प्रश्नापुढे तिने काहीच लिहिलं नव्हतं. आळशी आहे पहिल्यापासून.

संध्याकाळी असोद्याची वांगी भाजून भरीत केलं. म्हणजे मैनाने केलं. ती लसूण सोलत होती आणि मी तिच्या बोटांकडे बघत होते. एवढ्या सरळ बोटांनी आयुष्यभर केलं काय, तर शिक्षकाचा डबा. तिच्या घरी पहिल्यापासून गॅस, नळाचं पाणी, क्वार्टरमध्ये दोन खोल्या. सासू होती, पण तक्रार कधी ऐकली नाही. काही जणींचं नशीबच गुळगुळीत असतं.

जाताना म्हणाली, तुझ्याकडे आलं की बोलून तोंड दुखतं, बरं वाटतं. तिचं पण काहीतरीच.

२८ डिसेंबर, शनिवार

थंडी. लिहवत नाही. सुपडूनानांचा फोन, साक्रीवाले कागदासाठी थांबायला तयार आहेत, पण शहाद्याचं एक स्थळ त्यांच्याकडे येऊन बसलंय. दिपमालाने फोनवरचं सगळं ऐकलं आणि वह्या तपासत राहिली. पाच पोरांना शून्य दिलं.

५ जानेवारी, रविवार

अहवालाला मदत व्हावी म्हणून सासरच्या गुन्ह्यांची यादी करायला घेतली. रुचीला देईन.

एक, चुलीचा धूर. दोन, सातव्या महिन्यात कपाशी वेचायला पाठवलं, वर उन्हाने मूल गोरं होतं असं सांगितलं, ते खोटं निघालं. तीन, सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं, तोवर भाकरी असायची, भाजी नसायची. चार, सासू भिकुबाई, दिवसभर शिव्या. त्या शिव्यांमध्ये माझ्या माहेरच्या सात गावांचा उद्धार व्हायचा.

चारवर अडले. खरं लिहायचं तर दिवसभर नाही. पहाटेचा अर्धा तास वगळून. लग्नाच्या चौथ्या दिवशी असोद्याच्या घरी मी मागच्या अंगणात एकटीच उभी होते, वीस वर्षांची, माहेरची आठवण येऊन नाक पुसत. म्हातारी पायरीवर बसली होती. हाक मारली.

"ये व, बस अठी. जराशी लाव. भूक मरते."

तेव्हापासून रोज. पुरुष उठायच्या आत आम्ही दोघी त्या पायरीवर, बोट हिरड्यांवर. तोंडात मिसरी असली की फार बोलता येत नाही, त्यामुळे शिव्याही नसत. म्हातारी कधी माझ्या पाठीवरून हात फिरवायची, आपलाच हात पुसल्यासारखा. मिसरी संपून तिने चूळ भरली की पहिली शिवी. आम्ही जळगावला राहायला आलो तर ती मागे आली, इथेही मागच्या दाराला पायरी आहे ना ते बघून मगच खोली घ्यायला परवानगी दिली. जाऊन नऊ वर्षं झाली. पायरी मला एकटीला मोठी होते.

हे यादीत कशाला. हा गुन्हा नाही. चार नंबर तसाच ठेवते, "दिवसभर" लिहून.

२४ जानेवारी, शुक्रवार

रुचीचा फोन. काहीतरी जुळत नाही म्हणाली. घरात बिडी कोण ओढतं विचारलं. कोणी नाही. पूर्वी? पूर्वीही नाही. उद्या येऊन जा म्हणाली.

यांना सांगितलं. म्हणाले, मी येतो बरोबर. मी म्हटलं, कशाला, साक्षीदार म्हणून का आरोपी म्हणून?

२५ जानेवारी, शनिवार

रुचीने दोन कागद पुढे ठेवले. मैनाच्या रक्तात तंबाखूचा मागमूस नाही. माझ्यात आहे, आणि थोडाथोडका नाही. शिवाय पुण्याहून त्या खुणांची तपासणी आली आहे, त्यात माझ्या काही खुणा, वर्षानुवर्षं बिडी ओढणाऱ्यांच्या पडतात तशा. तिला वाटलं नमुने बदलले गेले असतील. मला राग आला. म्हटलं, बाई, तुझी बाटली बदलली असेल, मी सज्जन घरातली आहे.

तिने न चिडता विचारलं, सकाळी उठल्यापासून काय काय करता, क्रमाने सांगा.

मी सांगितलं. उठते, मागच्या पायरीवर बसते, मिसरी लावते, मग चहा.

मिसरी म्हणजे काय, तिने विचारलं. शेठजींची नात, तिला कुठून माहीत. मी शिकवायच्या आवाजात सांगायला लागले, की अगं, दात घासायची, तंबाखूचं पान घ्यायचं, तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं...

वाक्य निम्म्यात आलं आणि मला माझंच ऐकू आलं.

रुची फॉर्म उलटत होती. बिडी, सिगारेट, गुटखा, तंबाखू चघळणे. मिसरीला रकानाच नव्हता. फॉर्म पुण्यात तयार झालेला. आणि असता तरी मी फुलीच मारली असती. मिसरी काय तंबाखू असते? तंबाखू गडीमाणसं खातात. मिसरी म्हणजे दात. एकतीस वर्षं, रोज दोनदा, आणि बोटं दुखायला लागल्यापासून चारदा, कारण ती लावली की जरा बरं वाटतं.

पोर प्रामाणिक आहे. म्हणाली, हेच कारण असं मी म्हणत नाही. एका जोडीवरून काही सिद्ध होत नाही, आम्हाला शेकडो जोड्या लागतील. खुणांमुळे आग लागली की आगीमुळे खुणा पडल्या, हेसुद्धा नक्की सांगता येत नाही. धूर आहे, धूळ आहे, उपास आहेत. पण भाजलेला तंबाखू आणि सुजलेल्या हिरड्या या दोन गोष्टी संशयितांच्या यादीत फार वर असतात. आणि तुम्हा दोघींच्या फॉर्ममध्ये एवढा मोठा फरक दुसरा सापडत नाही.

मी विचारलं, आणि सासर?

तिने दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. म्हणाली, काकू, मी दुसऱ्याचा फॉर्म दाखवू शकत नाही. तुम्ही मावशींशीच बोला.

घरी आले. डबी मागच्या नालीत रिकामी केली.

२७ जानेवारी, सोमवार

डोकं इतकं दुखतं की जणू कोणी आतून कुटतंय. तोंड रिकामं. सकाळ संपता संपत नाही.

मैनाला फोन केला. मिसरीचं सांगितलं आणि विचारलं, तू कशी काय नाही लागलीस नादी? आपल्या वयाच्या सगळ्या तर लावतात.

"माले कोन देतं?" ती म्हणाली. "देनारं कोनी जोडे बसाले पाहिजे ना."

तिच्या शेजारी कोणी बसलंच नव्हतं. मग जे सांगितलं ते तिने एकतीस वर्षांत सांगितलं नव्हतं. तिची सासू तिच्याशी अकरा वर्षं बोलली नाही. भांडण नाही, शिवी नाही, काहीच नाही. हुंड्यात काहीतरी कमी पडलं म्हणून. ताट सरकवायची, भांडं वाजवून बोलवायची. नवरा शाळेतून यायचा आणि तोही आईला वाईट वाटू नये म्हणून बायकोशी आईसमोर बोलायचा नाही. दोनच खोल्या, समोर कायम आईच. मैना भिंतीकडे बघून पेस्टने दात घासायची.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस. म्हणाली, तू बोलायची थांबलीस तर सांगू ना.

मला तिचा रागच आला. एवढं सोसून बोटं सरळ ठेवायची म्हणजे काय? माझा सगळा हिशोबच चुकवला तिने. दुःखाने जर बोटं वाकत असती तर तिची वाकायला हवी होती. तिला छळाने काही झालं नाही, आणि मला त्या घरात जी एक गोष्ट मायेने मिळाली ती आत जाऊन बसली. हे कोणत्या न्यायाने? रुचीच्या यंत्रात न्यायाचं बटण नाही, विचारून उपयोग नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरांनी कागद दिला. छापील, शिक्क्यासकट. हा आजार केवळ आनुवंशिक नाही. एकसारख्या जुळ्या बहिणीला तो झालेला नाही. मुलीला होईलच असं नाही. इथवर सोन्यासारखं. खाली एक ओळ, "मिसरी व इतर तंबाखूजन्य पदार्थ पूर्णपणे टाळावेत, कुटुंबातील महिलांनीही."

मी म्हटलं, शेवटची ओळ काढा, लग्नाचा कागद आहे. ते म्हणाले, ती एकच ओळ कामाची आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

कागद अक्काला दाखवायचा नव्हता, पण तिने चष्मा लावलेला होता. वाचून झाल्यावर घडी घालून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, बघ, मी म्हणत होते ना, आमच्या घराने काही केलं नाही, तू आपल्या हाताने केलंस. तिच्या आईनेच मला पहिली चिमूट दिली, हे माझ्या जिभेच्या टोकाशी आलं होतं. पहिल्यांदाच गिळलं. म्हातारीचं नाव त्या यादीत घालायची छाती झाली नाही. त्यापेक्षा मी दोषी बरी.

हे उठून गेले. बहिणीला बोलायची वेळ आली की माणूस उठतो.

मिसरी सोडून सोळा दिवस. सकाळी पायरीवर बसते, सवयीने. चार दिवसांपासून हे पेपर घेऊन शेजारी येऊन बसतात आणि निधनवार्ता मोठ्याने वाचतात. तेवढा अर्धा तासही मला एकटीला मिळू द्यायचा नाही, असं ठरवलेलं दिसतं.

दिपमालाने कागद दोनदा वाचला. म्हणाली, हे मी तुला किती वर्षं सांगते आहे. खरं आहे. पण ती सांगायची तेव्हा मी काहीतरी बोलून तिला गप्प करायचे. मुलीशेजारी निवांत बसल्याचं आठवत नाही मला. तशी ती स्वतंत्र मुलगी आहे, तिला लागत नाही ते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काल साक्रीला गेलो. आम्ही तिघं आणि सुपडूनाना. कागद दाखवायचा, घर बघायचं आणि जमलं तर साखर वाटायची. दिपमाला गाडीत पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होती. धुळे सोडल्यावर म्हणाली, आई, आज तू फार बोलू नकोस हं. कबूल केलं.

घर चांगलं. माणसं मोकळी. स्वप्नीलने कागद सगळ्यांसमोर वाचला, स्वच्छ आवाजात, वीजबिलाच्या सूचनेसारखा. शेवटच्या ओळीपाशी अडखळला, आईकडे बघितलं, पण वाचली. मुलगा सरळ आहे.

तुळसाबाईंनी माझ्या बोटांकडे बघितलं, कागदाकडे बघितलं आणि त्या हसायलाच लागल्या. पोटाला हात लावून.

"मिसरी? इतलंच शे का? मी तं भलतंच समजनू."

कनवटीची डबी काढून त्यांनी सगळ्यांना दाखवली. चाळीस वर्षं लावते, म्हणाल्या, बघा माझी बोटं. बोटं खरोखर सरळ होती. डॉक्टरांना काय, काहीतरी लिहावं लागतं. सगळे हसले. सुपडूनाना सगळ्यात मोठ्याने हसले. हेही हसले. जमलं, असं कोणी म्हटलं नाही, पण आतून साखरेची वाटी आली.

मला बोलायचं होतं. एकीची सरळ राहतात, एकीची वाकतात, कोणाची वाकतील ते आधी सांगता येत नाही, रुचीने तसंच सांगितलं होतं. वाक्य तयार होतं. तेवढ्यात तुळसाबाईंनी डबी माझ्यापुढे धरली.

"ल्या याहीनबाई. आते काय परकं शे."

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. नको म्हणणं म्हणजे, तुमच्या हातात विष आहे असं विहिणीला पहिल्या दिवशी सांगणं. आणि खरंच सांगते, इथे खोटं लिहून बोटांना काय व्यायाम होणार, वास नाकाशी आला आणि बावीस दिवसांचं डोकं एकदम निवलं. मी बोट बुडवलं. ते वाकडं बोट बरोबर डबीत गेलं, त्याला वाट माहीत आहे.

तुळसाबाई खूष झाल्या. डबी दिपमालापुढे गेली. त्या म्हणाल्या, एकदाच, शकुनाची. दिपमालाने डबीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. सहावीच्या मुलांना तंबाखूचे दुष्परिणाम शिकवणारी माझी मुलगी, आई काय म्हणते याची वाट बघत राहिली. तिने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्याची वाट पाहिली.

माझं तोंड भरलेलं होतं.

उठून मोरी शोधली. दोन दारं चुकले. थुंकले, चूळ भरली, पुन्हा भरली. ते वाक्य तोंडात जुळवत परत आले.

तुळसाबाईंनी तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं होतं, मांडीला मांडी लावून. एक हात तिच्या पाठीवर. दिपमालाचं बोट काळं झालेलं, डोळ्यांत थोडं पाणी, आणि ती हसत होती.

"हळूहळू लाव, पोरी," त्या सांगत होत्या. "सवय हुई जाई."